समरकंदच्या वेधशाळेत काय उरलं आहे?

(युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



मला विषय दिला होता ‘मुस्लीम समाज आणि विज्ञान’. एवढा मोठा विषय पाऊण तासात उरकायचा तर दोनच मार्ग असतात. एक तर थोर शास्त्रज्ञांच्या नावांची यादी वाचायची, नाही तर आजच्या परिस्थितीवर उसासे टाकायचे. दोन्ही प्रकार तुम्ही भरपूर ऐकलेत. म्हणून आज मी एकाच जागेबद्दल बोलणार आहे. ती जागा उझबेकिस्तानात आहे, समरकंद शहराच्या ईशान्येला एका छोट्या टेकडीवर. तिथे पंधराव्या शतकात उलुग बेगची वेधशाळा होती. दोन वर्षांपूर्वी मला ती बघायला मिळाली.

ही वेधशाळा आपल्याकडे तीन प्रकारे सांगितली जाते. मोबाइलवर फिरणारी पहिली गोष्ट म्हणते, ‘आम्ही सगळं युरोपच्या आधीच शोधलं होतं.’ दुसरी गोष्ट आपल्याला बाहेरून ऐकवली जाते: ‘तुमच्या लोकांनी जगाला दिलं काय?’ तिसरी आपल्यातल्याच सुधारणावादी मंडळींना फार आवडते: ‘एक हुशार बादशहा होता, मुल्लांनी त्याला मारलं, वेधशाळा जमीनदोस्त केली आणि तिथेच सगळं संपलं.’ वेधशाळा ही मोजण्याची जागा असते. तेव्हा या तिन्ही गोष्टी आपणही जरा मोजून बघू.

आधी जागा कशी आहे ते सांगते. पायऱ्या चढून वर गेलं की एका बाजूला छोटं संग्रहालय आहे आणि दुसऱ्या बाजूला एक कमानदार दरवाजा. दरवाजातून आत वाकून बघायचं, खाली उतरू देत नाहीत. टेकडीच्या खडकात खोदलेला एक अरुंद, खोल खंदक दिसतो, सुमारे ११ मीटर खोल. त्यात दगडाच्या दोन समांतर कडा वक्राकार खाली उतरत जातात, मधे पायऱ्या. बस, एवढंच. आमच्याबरोबरचे काही प्रवासी पाच मिनिटांत फोटो काढून गाडीत जाऊन बसले. त्यांना मी दोष देणार नाही. खंदक काय करत होता हे माहीत नसेल तर तिथे बघण्यासारखं फारसं काही नाही.

मग तो काय करत होता?

या खंदकावर एक गोल, तीन मजली इमारत उभी होती, जवळपास ४६ मीटर व्यासाची. आत दक्षिणोत्तर रेषेवर, म्हणजे मध्यान्हरेषेवर, बरोब्बर बसवलेला एक प्रचंड कंस होता. कंसाची त्रिज्या होती सुमारे ४० मीटर. दक्षिणेकडे उंचावर एक छोटं छिद्र, बाकी आत अंधार. दुपारी सूर्य माथ्यावरची रेषा ओलांडत असताना त्या छिद्रातून येणारा किरण कंसावर पडायचा. तो कुठे पडला ते वाचलं की सूर्याची त्या दिवशीची उंची कळायची.

आता कंस इतका मोठा कशाला? तुमच्या कंपासपेटीतला कोनमापक आठवा. त्यावर एक अंश म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. समरकंदच्या कंसावर एक अंश म्हणजे सुमारे ७० सेंटिमीटर. अंशाचे ६० भाग केले तरी प्रत्येक भागाला एक सेंटिमीटरहून जास्त जागा मिळते. दुर्बीण अजून जन्माला यायची होती. डोळ्याची ताकद वाढवता येत नव्हती, म्हणून या लोकांनी पट्टी मोठी केली.

आणि पट्टी मोठी करून काय मोजलं? २१ जूनच्या सुमाराला समरकंदमध्ये मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७४ अंशांवर असतो. २२ डिसेंबरच्या सुमाराला सुमारे २७ अंशांवर. फरक ४७. त्याचा निम्मा साडेतेवीस. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही पाठ केलेला पृथ्वीच्या आसाचा कल तो हाच. अर्थात त्यांच्या आकाशात पृथ्वी मध्यभागी स्थिर होती, त्यामुळे ते याला सूर्यमार्गाचा कल म्हणत. उलुग बेगच्या वेधशाळेने दिलेलं उत्तर आहे २३ अंश, ३० मिनिटं, १७ सेकंद. त्या काळासाठी आजच्या गणिताने जी किंमत येते तिच्यापेक्षा हा फरक अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. वर्षाची लांबी, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात सूर्य पुन्हा त्याच जागी येण्याचा काळ, त्यांनी काढली ३६५ दिवस, ६ तास, १० मिनिटं, ८ सेकंद. यात एका मिनिटाचीही चूक नाही.

एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. सूर्य जितका उंच, तितका किरण कंसाच्या खालच्या भागावर पडतो. म्हणजे आज जमिनीखाली जो तुकडा वाचला आहे तो उन्हाळ्याचा आहे. हिवाळ्यातला खालचा सूर्य कंसाच्या वरच्या भागावर पडायचा. तो भाग इमारतीत होता आणि इमारतीबरोबर गेला.

आता पहिली गोष्ट मोजू, ‘आम्ही सगळं आधीच शोधलं’ ही.

उलुग बेग तैमूरचा नातू. जन्म १३९४ चा. १४०९ मध्ये, म्हणजे तुमच्यातल्या अकरावीच्या मुलांच्या वयात, बापाने त्याला समरकंदचा कारभार दिला. आजोबाने शहरं लुटली होती. नातवाने १४१७ ते १४२० या काळात रेगिस्तान चौकात मदरसा बांधला आणि त्यानंतरच्या दशकात वेधशाळा उभी केली. तिथे गोळा झालेली माणसं कोण? काझी जादा रूमी बुर्सा शहरातून, आजच्या तुर्कस्तानातून आलेले. जमशीद अल-काशी इराणातल्या काशानचे. याच काशींनी १४२४ मध्ये वर्तुळाचा परीघ आणि त्रिज्या यांचं गुणोत्तर १६ दशांश स्थळांपर्यंत काढलं. तिसरा अली कुश्जी, वयाने सगळ्यांत लहान.

पण हा कंस या कुणाचाच शोध नव्हता. त्याचं नाव ‘सुद्स-ए-फख्री’. सुद्स म्हणजे सहावा हिस्सा, वर्तुळाचा एक षष्ठांश. असा पहिला कंस अबू महमूद खुजंदींनी ९९४ मध्ये आजच्या तेहरानजवळच्या रय इथे बांधला, फख्रुद्दौला नावाच्या राजाच्या आश्रयाने. म्हणून फख्री. खुजंदींचं उत्तर थोडं चुकलं. ते का चुकलं हे अल-बिरूनींनी नोंदवून ठेवलं आहे: किरण आत सोडणारं छिद्र आपल्या जागेवरून थोडं खाली खचलं होतं. म्हणजे चूक झाली, ती सापडली, तिचं कारण लिहिलं गेलं, आणि सव्वाचारशे वर्षांनंतर दुसऱ्या देशातल्या माणसांनी त्याच प्रकारचा कंस दुप्पट मोठा करून खडकात रोवला.

या वेधशाळेचं मुख्य फळ म्हणजे १४३७ चा ‘झीज-ए-सुलतानी’ हा फारसी ग्रंथ. झीज म्हणजे खगोलीय सारण्यांचं पुस्तक. त्यात १,०१८ ताऱ्यांची यादी आहे. त्याआधी तेराशे वर्षं बहुतेक लोक ग्रीक परंपरेतल्या टॉलेमीच्याच यादीत काळानुसार ठरावीक आकडे मिळवून ती वापरत होते. समरकंदच्या लोकांनी आकाशाकडे नव्याने पाहून तारे पुन्हा मोजले. मात्र २७ तारे इतके दक्षिणेला होते की ते समरकंदमधून दिसतच नाहीत. ते त्यांनी जुन्या अल-सूफींच्या ग्रंथातून घेतले, आणि घेतले असं लिहिलंही. मला या ग्रंथातली सगळ्यांत मोठी गोष्ट कोणती वाटते विचाराल, तर ९९१ मोजलेल्या ताऱ्यांपेक्षाही हे २७ न मोजलेले तारे. आमचं काय, दुसऱ्याचं काय, हे त्यांनी वेगळं ठेवलं.

याच पुस्तकाचा चौथा भाग फलज्योतिषाचा आहे. तोही लपवायचं कारण नाही. त्या काळात तारे मोजायला पैसा मिळण्याचं ते एक कारण होतं. तेव्हा ‘आम्ही सगळं आधीच शोधलं’ हे वाक्य समरकंदच्या टेकडीवर उभं राहून म्हणता येत नाही. तिथे जे झालं ते ग्रीक, अरब, इराणी, तुर्की अशा कितीतरी हातांतून आलेलं काम आणखी एक पाऊल पुढे नेणं होतं. आणि ते पाऊल खरोखर मोठं होतं.

आता दुसरी गोष्ट: ‘तुमच्या लोकांनी दिलं काय?’

याचं उत्तर शोधायला समरकंदला जायची गरज नाही, जयपूरला जा. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा इथे वेधशाळा उभारल्या. त्यांच्या निरीक्षणांचा ग्रंथ फारसीत आहे आणि त्याचं नाव आहे ‘झीज-ए-मुहम्मदशाही’, मोगल बादशहा मुहम्मदशहाच्या नावाने. त्यातली ताऱ्यांची यादी उलुग बेगच्या यादीवर आधारलेली आहे. जयपूरच्या जंतरमंतरमध्ये सम्राट यंत्राला लागून अंधाऱ्या खोल्या आहेत. वर बारीक छिद्र, दुपारी सूर्याचा ठिपका आत एका कंसावर पडतो. त्या यंत्राचं नाव षष्ठांश यंत्र. सुद्स म्हणजे सहावा हिस्सा, षष्ठांश म्हणजेही सहावा हिस्सा. रय, समरकंद, जयपूर. राजा राजपूत, ग्रंथ फारसी, यंत्राचं नाव संस्कृत, आणि कल्पना खुजंदीची. हे कुणाचं म्हणायचं?

आपल्या मुलखाशीही एक धागा आहे. कमलाकर नावाचे ज्योतिषी वाराणसीत राहत, पण त्यांचं घराणं मूळचं गोदावरीकाठच्या गोलग्रामचं. १६५८ मध्ये त्यांनी ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ हा संस्कृत ग्रंथ पूर्ण केला आणि त्यात उलुग बेगच्या परंपरेतल्या ज्ञानाचा उपयोग केला. काशीत बसलेल्या या पंडिताला समरकंदचा मिर्झा परका वाटला नाही. उलट दिशेनेही हेच दिसतं. बाबरने आपल्या आत्मचरित्रात समरकंदच्या वेधशाळेचं वर्णन करताना जगातल्या इतर वेधशाळांची नावं घेतली आहेत, आणि त्यांत मराग्याबरोबर उज्जैनही आहे. आज या दोन नावांवरून एकमेकांच्या अंगावर जाणाऱ्यांनी हे पान वाचायला हरकत नाही.

आता तिसरी गोष्ट, आपल्या आवडीची: मुल्लांनी वेधशाळा पाडली.

खरं काय झालं? १४४७ मध्ये बाप शाहरुख वारला आणि उलुग बेग सगळ्या राज्याचा वारस झाला. राज्य त्याला सांभाळता आलं नाही. सख्खा मुलगा अब्दुल लतीफ त्याच्याविरुद्ध उठला. हरलेला उलुग बेग हजला जायला निघाला आणि २७ ऑक्टोबर १४४९ रोजी वाटेतच त्याला ठार केलं गेलं. सहा-सात महिन्यांत मुलाचाही खून झाला. १९४१ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी समरकंदच्या गोर-ए-अमीर मकबऱ्यातली कबर उघडली तेव्हा उलुग बेगच्या मानेचा मणका तुटलेला सापडला. तलवारीच्या घावाची गोष्ट खरी होती.

हा खून सत्तेसाठी झाला. त्याला धर्माचा मुलामा दिला गेला असेल, तसा तो नेहमीच दिला जातो. पण वेधशाळा? बाबरने १४९७ मध्ये समरकंद घेतलं आणि तीन मजली वेधशाळेबद्दल लिहिलं. म्हणजे खुनानंतर जवळपास पन्नास वर्षांनी ती इमारत माहीत होती, सांगण्यासारखी होती. खुनाबरोबर जमावाने ती फोडली, या गोष्टीला हे साक्षीपुरावे जुळत नाहीत. इस्तंबूलचं उदाहरण वेगळं आहे. तिथे तकीउद्दीनची नवी वेधशाळा १५८० मध्ये सुलतानाच्या हुकमाने खरोखर पाडली गेली आणि त्यात तिथल्या धर्मप्रमुखांचा हात होता. जे घडलं ते म्हणायचं, जे सिद्ध होत नाही ते म्हणायचं नाही. सनातन्यांच्या विरोधात बोलतानासुद्धा हा नियम आपल्याला लागू आहे.

समरकंदमध्ये झालं ते माझ्या मते जास्त विचार करायला लावणारं आहे. पाडायची गरजच पडली नाही. आश्रय देणारा एक माणूस गेला आणि काम थांबलं. अली कुश्जी पुढे इस्तंबूलला गेले, तिथे शिकवलं, १४७४ मध्ये तिथेच वारले. इमारतीची निगा राखायला कुणी उरलं नाही. होता होता ती नाहीशी झाली आणि ती नेमकी कुठे होती हेही लोक विसरले. १९०८ मध्ये व्यात्किन नावाच्या रशियन संशोधकाने एका जुन्या वक्फनाम्यात जमिनीच्या हद्दी वाचल्या, त्यावरून टेकडी ओळखली आणि खोदकाम केलं. तेव्हा हा खंदक सापडला. वक्फच्या कागदांना आपण किती जपतो हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे, पण एका वेधशाळेचा पत्ता तशा एका कागदाने सांभाळून ठेवला होता एवढं लक्षात असू द्या.

पुस्तक मात्र फिरत राहिलं. त्याच्या नकला झाल्या, ते इस्तंबूलला गेलं, हिंदुस्थानात आलं. १६६५ मध्ये ऑक्सफर्डमध्ये ताऱ्यांची यादी छापली गेली. सुलतान गेला, इमारत गेली, पण लिहिलेलं आणि शिकवलेलं टिकलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. अल-काशींनी समरकंदहून आपल्या वडिलांना लिहिलेली पत्रं आजही उपलब्ध आहेत. परगावी नोकरीला गेलेला मुलगा घरी लिहितो तशी ती आहेत: थोडी बढाई, सहकाऱ्यांच्या थोड्या कागाळ्या. त्यांत सुलतानाच्या बैठकींचं वर्णन आहे. उलुग बेगचा दंडक असा होता की विषय पुरता समजल्याशिवाय कुणी मान डोलवायची नाही. केवळ सुलतान म्हणतो म्हणून कुणी होकार दिला, तर तो चिडायचा, मला अडाणी ठरवतोस का म्हणायचा. कधी कधी तर मुद्दाम चुकीचा मुद्दा मांडायचा, आणि अदब म्हणून कुणी तो मान्य केला की तोच विषय पुन्हा काढून त्याला सगळ्यांसमोर ओशाळं करायचा.

मला वाटतं वेधशाळेचा खरा पाया हा होता. खडकातला खंदक नंतरचा. ज्या दरबारात मालकाला ‘हुजूर, तुमचा हिशेब चुकला’ असं म्हणता येत नाही, तिथे ४० मीटरचा कंस बांधूनही उपयोग नाही, कारण आकडा सूर्याचा न लिहिता मालकाच्या मर्जीचा लिहिला जाईल.

आता आपल्या घरात, मोहल्ल्यात, जमातीत, आणि हो, आपल्या चळवळीतही बघा. वडीलधाऱ्यांच्या समोर एखादी मुलगी म्हणाली, ‘चाचा, हे पटलं नाही, पुरावा काय?’ तर काय होतं? आधी तिच्या आवाजाची, मग तिच्या कपड्यांची, मग तिच्या कॉलेजची चर्चा होते. पुराव्याची होत नाही. पुरोगामी बैठकीत नेत्याचं वाक्य खोडून काढलं तरी फार वेगळं घडत नाही. ही सवय बदलली नाही तर उलुग बेगची कितीही पोस्टरं लावा.

चंद्रदर्शनाचा वाद दर वर्षी होतो. मी इथे फतवा द्यायला आलेली नाही. फक्त एक निरीक्षण मांडते. मशिदीत नमाजच्या वेळांचा तक्ता टांगलेला असतो. तो कुणी रोज सावली मोजून बनवत नाही, तो गणिताने बनतो आणि आपण सगळे निर्धास्तपणे पाळतो. मग चंद्राच्या बाबतीत गणिताचं स्थान काय असावं, हा प्रश्न शांतपणे विचारता यायला हवा. उत्तरं वेगळी निघोत, पण विचारणाऱ्याच्या ईमानावर शंका घेऊ नये.

शेवटी एक काम देते, कारण भाषण ऐकून घरी जायचं आणि विसरायचं हे मला मान्य नाही.

एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या. शाळेच्या, घराच्या किंवा मशिदीच्या गच्चीवर ओळंब्याने ताठ उभी करा. दुपारी सावली सर्वांत आखूड होते तो क्षण पकडा. घड्याळातले बारा बघू नका. ज्याच्यानंतर जुहरची वेळ सुरू होते तो जवालचा क्षण हाच, आणि समरकंदचा कंस रोज हाच क्षण पकडत होता. सावलीची लांबी वहीत लिहा. २२ डिसेंबरला पुणे-मुंबईच्या आसपास ती उत्तरेला सुमारे ९० सेंटिमीटर भरेल. २१ जूनला गंमत होईल: सूर्य आपल्या माथ्याच्या उत्तरेला गेलेला असेल, सावली दक्षिणेला पडेल आणि नऊ सेंटिमीटरच्या आसपास असेल. समरकंदमध्ये हे कधीच घडत नाही. मे आणि जुलैमध्ये आपल्याकडे दोन दिवस असे येतात की सावली काठीच्या पायाशीच संपते. तेही बघा. सावलीवरून कोन कसा काढायचा हे दहावीच्या त्रिकोणमितीत आहे. समरकंदवाल्यांनी वजाबाकी केली, आपल्याला बेरीज करावी लागेल, कारण आपला सूर्य माथ्याच्या दोन्ही बाजूंना जातो. डिसेंबरचा कोन आणि जूनचा कोन मिळवा, निम्मे करा. साडेतेवीसच्या जवळपास उत्तर येईल.

नेमकं साडेतेवीस आलं नाही तर आकडा ओढून बसवू नका. जे आलं ते लिहा आणि का चुकलं असेल ते खाली लिहा: काठी वाकडी होती, सावलीची कड पुसट होती. आणि २१ जूनला आपल्याकडे ढग असण्याचीच शक्यता जास्त. त्या दिवशी वहीत ‘ढग’ एवढंच लिहा, मागच्या-पुढच्या दिवशी पुन्हा गच्चीवर जा. पुढच्या शिबिराला वह्या घेऊन या. मुली आणि मुलगे दोघांच्याही. आपण त्या शेजारी शेजारी ठेवून बघू आणि जिथे पटणार नाही तिथे वाद घालू.